घरच्या फोनचा अडॅप्टर लॉक असेल, तर ते पैसे घेण्याआधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रस्तेखोदाईत वारंवार तुटणाऱ्या केबल आणि ‘जोडी खराब आहे’ हे लाइनमनचे ठरलेले उत्तर यांना कंटाळून पुण्यातील अनेक घरांनी, दवाखान्यांनी आणि दुकानांनी तांब्याच्या तारेवरची लँडलाइन सोडून इंटरनेटवरून चालणारा फोन घेतला आहे, आणि ज्यांनी अजून घेतलेला नाही त्यांनाही तो आज ना उद्या घ्यावा लागेल. हा बदल करताना ग्राहक इंटरनेटचा वेग विचारतो, महिन्याचे भाडे विचारतो, जुना नंबर राहील का हेही विचारतो. पण ज्या लहानशा डब्यात फोनची वायर जाणार आहे, तो डबा एकाच कंपनीला बांधलेला आहे की कोणत्याही सेवेवर चालू शकतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही आणि विक्रेताही आपणहून त्याचा उल्लेख करत नाही. टेलिफोनच्या जोडणी-दुरुस्तीच्या कामात उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे या एका प्रश्नाविषयी सविस्तर लिहीत आहे.

जुन्या व्यवस्थेत टेलिफोन एक्स्चेंजपासून रस्त्यावरच्या पिलरपर्यंत म्हणजे तारा वाटणाऱ्या कपाटापर्यंत, तिथून इमारतीच्या डीपीपर्यंत म्हणजे जोडणीच्या पेटीपर्यंत आणि तिथून घरातल्या रोझेटपर्यंत म्हणजे भिंतीवरच्या खाचेपर्यंत तांब्याच्या दोन तारा येत असत आणि डायल टोन, घंटीचा दाब, बोलण्यासाठी लागणारी वीज हे सारे एक्स्चेंजमधून मिळत असे. इंटरनेटवरच्या फोनमध्ये हे काम घरातला अडॅप्टर, म्हणजे वर सांगितलेला डबा, करतो. त्याच्या एका बाजूला इंटरनेटची वायर लागते आणि दुसऱ्या बाजूच्या लहान खाचेत आपला नेहमीचा फोन लागतो. आवाजाचे अंकांत रूपांतर करून तो एसआयपी नावाच्या पद्धतीने कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. ही पद्धत २००२ मध्ये तिच्या आजच्या रूपात प्रमाणित झाली आणि ती कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. फायबरच्या जोडणीत बहुधा वेगळा अडॅप्टर दिसत नाही, कारण ओएनटी म्हणजे भिंतीवर बसवलेल्या फायबरच्या डब्यातच फोनची खाच असते. परंतु आतले काम तेच.

आता लॉक म्हणजे नेमके काय? अडॅप्टरला चार गोष्टी माहीत असाव्या लागतात : कोणत्या सर्व्हरकडे जायचे, खात्याचे नाव काय, पासवर्ड काय आणि नंबर फिरवण्याचे नियम कोणते. अनलॉक अडॅप्टरमध्ये ही माहिती आपण ब्राउझरमधून पान उघडून स्वतः भरू शकतो आणि उद्या बदलूही शकतो. लॉक अडॅप्टरमध्ये ते पान एक तर उघडतच नाही, किंवा उघडले तरी त्या रकान्यांना हात लावता येत नाही. डबा सुरू होताच कंपनीच्या ठरलेल्या सर्व्हरकडे जाऊन तो सगळी माहिती आणतो, आणि मागच्या बाजूचे रिसेटचे बटण टाचणीने कितीही वेळ दाबून धरले तरी पुन्हा तिथेच जातो. अनेक ओएनटी टीआर-०६९ या पद्धतीने दुरूनच हाताळले जातात, त्यामुळे एखाद्या हौशी मुलाने आत शिरून काही बदलले तरी कंपनीकडून रात्रीतून ते पूर्ववत होऊ शकते.

कंपन्या लॉक का लावतात, याची कारणे सगळीच लबाडीची नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. डबा फुकट किंवा नाममात्र अनामत घेऊन दिला असेल, तर तो घेऊन ग्राहक महिन्याभरात दुसरीकडे जाऊ नये असे कंपनीला वाटणे स्वाभाविक आहे. खात्याचा पासवर्ड ग्राहकाच्या हाती न दिल्यामुळे तो चोरीला जाण्याची शक्यता कमी होते. शिवाय तक्रार आली की कॉल सेंटरमधल्या माणसाला समोर नेमका कोणता डबा आहे आणि त्यात काय भरले आहे हे ठाऊक असते. ज्या घरात दोन वृद्ध माणसे राहतात आणि मुले परदेशी आहेत, त्या घरात मी स्वतः लॉक डबाच घ्यायला सांगतो. बिघाड झाला की जबाबदारी एकाच कंपनीची राहते आणि ‘अडॅप्टर तुमचा आहे, तो तुम्ही बघा’ असे तिला म्हणता येत नाही, हा फायदा लहान नाही.

माझा आक्षेप आहे तो पूर्ण किंमत घेऊन लॉक डबा विकण्याला, आणि त्याहून अधिक ही गोष्ट न सांगता विकण्याला. या व्यवहारात ग्राहक काय गमावतो, याचे चांगले उदाहरण अमेरिकेत घडून गेले आहे. तिथे सनरॉकेट नावाची इंटरनेट टेलिफोन कंपनी जुलै २००७ मध्ये अचानक बंद पडली. तिचे सुमारे दोन लाख ग्राहक होते, त्यांतल्या अनेकांनी वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले होते आणि कंपनीकडून मिळालेला डबा दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर सहज चालवता येत नव्हता. त्याच देशात व्हॉनेज या कंपनीला बांधलेला लिंकसिस पॅप-टू हा अडॅप्टर आणि तोच अनलॉक असलेला, नावापुढे ‘एनए’ ही अक्षरे जोडलेला अडॅप्टर, असे दोन जुळे भाऊ बाजारात होते. बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळत नसे, आणि जुन्या बाजारातून स्वस्तात पहिला उचलणारा फसत असे. आपल्याकडेही हा धडा नवा नाही. सीडीएमए पद्धतीचे, टेबलावर ठेवायचे बिनतारी फोन अनेक पुणेकरांच्या घरी होते. ती सेवा आटोपल्यावर चांगले धडधाकट फोन भंगारात गेले, कारण त्यांचा दुसरा उपयोगच नव्हता.

तेव्हा अनलॉक अडॅप्टर घ्या आणि मोकळे व्हा, असे मी म्हणेन अशी वाचकांची अपेक्षा असेल, तर थोडे थांबावे लागेल. अमेरिकेत अनलॉक अडॅप्टरला किंमत आहे, कारण ग्राहकाने स्वतःचा अडॅप्टर आणावा आणि आम्ही फक्त खाते देऊ, असे म्हणणाऱ्या अनेक कंपन्या तिथे आहेत. शिवाय इंटरनेट टेलिफोन कंपन्यांनीही ग्राहकाचा नंबर दुसरीकडे जाऊ द्यावा, असा आदेश तिथल्या नियामकाने २००७ मध्येच दिला. आपल्याकडे मोबाइल नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय जानेवारी २०११ पासून देशभर आहे, पण लँडलाइनला ती नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानाच्या पाटीवर ०२० नंतरचे जे आठ आकडे वर्षानुवर्षे रंगवलेले आहेत, ते कंपनी बदलली की जातात. एकाच कंपनीत राहून तांब्यावरून फायबरवर गेल्यास नंबर टिकू शकतो, दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. त्यामुळे आपल्या देशात डब्याचे कुलूप काढले तरी नंबरचे कुलूप राहतेच, आणि कंपनी खात्याचे नाव व पासवर्ड द्यायला तयार नसेल, तर तपकीर गल्लीतून, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातून, आणलेला उत्तम अनलॉक अडॅप्टर टेबलावर कागद दाबून ठेवण्यापलीकडे कामाचा नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी कंपनीला एकच प्रश्न लेखी विचारावा : माझ्या नंबरसाठी एसआयपीचा तपशील मला मिळेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर लॉक की अनलॉक हा विचार तिथेच संपतो.

उत्तर ‘होय’ असेल, तर मात्र अनलॉक अडॅप्टर आपल्यावर कोणकोणती कामे टाकतो हे नीट समजून घ्यावे, कारण विकणारा ते सांगत नाही. पहिले काम नंबर फिरवण्याच्या नियमांचे. पुण्यातल्या पुण्यात आठ आकडे, बाहेरगावी शून्य लावून एसटीडी कोड आणि नंबर, मोबाइलसाठी शून्य आणि दहा आकडे, आणि संकटकाळी ११२ असे तीनच आकडे. हे सारे अडॅप्टरला शिकवावे लागते. न शिकवल्यास शेवटचा आकडा दाबल्यावर तो काही सेकंद नुसता वाट पाहतो, आणि आजोबांना वाटते की फोन बिघडला. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना शून्य लावणे सक्तीचे झाले. असा बदल झाला की लॉक डब्याचे नियम कंपनी दुरून बदलू शकते. अनलॉक डब्याच्या मालकाला ते स्वतः पान उघडून बदलावे लागतात.

दुसरे काम टोनचे आहे आणि ते सोसायट्यांना व दवाखान्यांना फार भोवते. आपल्याकडचा डायल टोन आणि एंगेज टोन ४०० हर्ट्‌झच्या आसपासचा असतो. अमेरिकेत डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्‌झच्या मिश्रणाचा असतो आणि तिथली घंटी २० हर्ट्‌झची, आपली २५ची. परदेशातून आणलेल्या अडॅप्टरमध्ये तिकडचेच टोन भरलेले असतात. घरातल्या माणसाच्या कानाला आवाज जरा निराळा लागतो, एवढेच. पण तीच लाइन सोसायटीच्या इंटरकॉमच्या ईपीएबीएक्सला, म्हणजे आतले फोन बाहेरच्या लाइनशी जोडणाऱ्या यंत्राला, जोडली, तर समोरच्याने फोन ठेवल्याचे त्या यंत्राला कळत नाही, ते एंगेज टोनची वाट पाहत राहते आणि लाइन तासन्‌तास अडकून बसते. मग वॉचमन ईपीएबीएक्सचा स्विच बंद-चालू करतो आणि सगळ्यांना वाटते की इंटरनेटचा फोनच भिकार. चांगल्या अनलॉक अडॅप्टरमध्ये देशानुसार टोन बदलता येतात; ते बदलून घेण्याची अट जोडणी करणाऱ्याला आधीच घालावी. कॉलर आयडीचेही तसेच : आपल्याकडच्या अनेक जुन्या फोनना नंबर डीटीएमएफ पद्धतीने, म्हणजे बटणे दाबताना ऐकू येणाऱ्या सुरांच्या रूपात, यावा लागतो, अमेरिकन अडॅप्टर तो वेगळ्या पद्धतीने पाठवतो आणि फोनची पट्टी कोरी राहते. ज्यांनी चकतीचा काळा फोन हौसेने जपला आहे, त्यांनी अडॅप्टरला पल्स डायलिंग, म्हणजे चकती फिरवून नंबर लावण्याची जुनी पद्धत, समजते का हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बऱ्याच अडॅप्टरना ते समजत नाही, घंटी वाजते पण नंबर फिरत नाही.

तिसरे काम सुरक्षेचे. अनलॉक अडॅप्टर ५०६० या सर्वांना ठाऊक असलेल्या पोर्टवर, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या दारावर, उघडा ठेवला आणि कारखान्यातला पासवर्ड तसाच राहू दिला, तर जगभर असे डबे शोधत फिरणाऱ्या आज्ञावली त्याला गाठतात. मध्यरात्री फोन वाजतो, पट्टीवर १०० किंवा १००१ असला विचित्र नंबर दिसतो, उचलला तर कोणी बोलत नाही. हा भुताटकीचा प्रकार नसून दार ठोठावून पाहणे असते. त्यातून पासवर्ड हाती लागला, तर आपल्या खात्यावरून परदेशी महागडे फोन होतात आणि बिल आपल्या नावाने येते. यावर उपाय अवघड नाही : पासवर्ड बदलावा, फक्त आपल्या कंपनीच्या सर्व्हरकडून येणारे फोनच स्वीकारावेत अशी खूण करावी, आणि अडॅप्टर थेट बाहेर न ठेवता राऊटरच्या मागे ठेवावा. राऊटरमागे ठेवल्यावर एका बाजूचाच आवाज ऐकू येऊ लागला, तर राऊटरमधील ‘एसआयपी एएलजी’ ही सोय आधी बंद करून पाहावी. मदतीच्या नावाखाली ती बहुतेक वेळा घोटाळाच करते.

इंटरनेटच्या वेगाची भीती मात्र कोणी बाळगू नये. आवाज पाठवण्याच्या जी.७११ या चांगल्या दर्जाच्या पद्धतीत एका संभाषणाला प्रत्येक दिशेला शंभर किलोबिटच्या आतच जागा लागते. लॉक अडॅप्टर तेवढीच घेतो, अनलॉकही तेवढीच.

विजेचा प्रश्न दोघांनाही सारखाच आहे, तरी तो इथे नोंदवणे भाग आहे. तांब्याच्या तारेला ४८ व्होल्टची वीज एक्स्चेंजच्या बॅटरीतून मिळत असे, त्यामुळे घरातले दिवे गेले तरी फोन चालत असे. फायबरमधून वीज येत नाही. गुरुवारी महावितरणने देखभालीसाठी पुरवठा बंद ठेवला की ओएनटी, राऊटर आणि अडॅप्टर तिन्ही निजतात, आणि त्यांच्याबरोबर दवाखान्याचा फोनही. राऊटरसाठी मिळणारा लहान बारा व्होल्टचा यूपीएस घेताना अडॅप्टर बारा व्होल्टचा आहे की पाच, हे त्याच्या तळाशी वाचून घ्यावे. ज्या सोसायट्यांनी लिफ्टमधला आपत्कालीन फोन अशा लाइनवर टाकला आहे, त्यांनी हे काम पुढच्या बैठकीवर ढकलू नये.

पुण्यात आणखी एका प्रकारचा डबा पुष्कळ घरांत आहे. अमेरिकेतला मुलगा किंवा मुलगी सुट्टीत येताना तिकडच्या नंबरचा लॉक अडॅप्टर आणून इथल्या ब्रॉडबँडला लावून जाते, म्हणजे त्यांना आई-वडिलांशी स्थानिक फोनसारखे बोलता येते. आता व्हिडिओ कॉलमुळे त्याची गरज कमी झाली असली, तरी कोथरूड-सहकारनगरात ते डबे अजून वायरीसकट दिसतात. दोन गोष्टी अशा घरांनी लक्षात ठेवाव्यात. त्या फोनवरून ११२ फिरवून पुण्याच्या पोलिसांची किंवा रुग्णवाहिकेची अपेक्षा करू नये. तो फोन अमेरिकेतल्या कंपनीच्या सर्व्हरला जातो. आणि कोणी सुचवले तरी असा अडॅप्टर इथल्या टेलिफोन लाइनला जोडून परदेशी फोन स्थानिक लाइनवर उतरवण्याच्या फंदात कदापि पडू नये. आपल्या देशात इंटरनेटवरचा फोन सार्वजनिक टेलिफोन जाळ्याला जोडण्याचा अधिकार परवानाधारक कंपन्यांनाच आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारशी केल्या आणि दूरसंचार विभागाने जून २०१८ मध्ये या कंपन्यांची वाट मोकळी केली, तरी खासगी माणसाला ती मुभा मिळालेली नाही. अशा जोडणीला पोलीस बेकायदा टेलिफोन एक्स्चेंज म्हणतात आणि त्यासाठी खटले होतात. अडॅप्टर घेताना खाचेजवळ ‘एफएक्सएस’ लिहिले आहे, म्हणजे ती फोनसाठी आहे, एवढे पाहावे. ‘एफएक्सओ’ ही बाहेरच्या लाइनसाठीची खाच सामान्य घराला लागत नाही.

या सगळ्याचा विचार करून माझे मत असे झाले आहे की, घरी एकच फोन असेल आणि सेटिंगच्या भानगडीत पडण्याची हौस नसेल, तर लॉक डबा घ्यावा, मात्र भाड्याने किंवा परत मिळणाऱ्या अनामतीवर, विकत कधीही घेऊ नये. दवाखाना, वकिलाचे कार्यालय, सोसायटी, दोन लाइनचे दुकान यांनी, कंपनी तपशील देत असेल तर, दोन खाचांचा अनलॉक अडॅप्टर स्वतःच्या पैशाने घ्यावा आणि जोडणी करणाऱ्याकडून सेटिंगचा छापील कागद घेऊन बिलाच्या फाइलमध्ये लावावा, कारण तो माणूस पुढच्या वर्षी भेटेलच असे नाही. जुना अडॅप्टर घेणाऱ्याने दुकानातच तो इंटरनेटला जोडून, पान उघडून, सर्व्हरच्या रकान्यात स्वतः अक्षरे टंकून आणि डबा एकदा बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती टिकतात का हे पाहूनच पैसे द्यावेत. दुकानदार या चाचणीला नाखूश असेल, तर शेजारच्या दुकानात जावे. तपकीर गल्लीत शेजारी दुसरे दुकान असतेच.

सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून आणि ‘ट्राय’कडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. अडॅप्टर किंवा ओएनटी लॉक आहे की नाही, हे नोंदणीच्या अर्जावर आणि पहिल्या बिलावर मराठीत, वाचता येईल एवढ्या अक्षरांत छापावे. ज्या ग्राहकाने डब्याची पूर्ण किंमत मोजली आहे, त्याने सेवा सोडताच कंपनीने सात दिवसांत लॉक काढून द्यावा आणि त्यासाठी वेगळे शुल्क आकारू नये. ज्याने अनामत भरली आहे, त्याला डबा परत केल्याची सहीशिक्क्याची पावती जागेवर मिळावी. कारण डबा नेणारा माणूस स्थानिक केबलवाल्याचा असतो, अनामत कंपनीकडे असते, आणि नंतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. आणि लँडलाइनचा नंबर कंपनी बदलताना सोबत नेण्याची सोय झाली, तर अनलॉक अडॅप्टरचा अर्धा उपयोग, जो आज कागदावरच आहे, ग्राहकाच्या प्रत्यक्ष हाती येईल.

आपला,
टेलिफोन क्षेत्रातील एक निवृत्त तंत्रज्ञ,
सहकारनगर, पुणे